वाडीच्या घाटावर टीं टीं

शिरोळला समुद्र नाही. ही तक्रार आम्हाला वर्षातले दहा महिने करता येते. उरलेल्या दोन महिन्यांत ती जरा जपून करावी लागते आणि 2005, 2019, 2021 अशा साली तर मागेच घ्यावी लागते. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या एकाच तालुक्याला वाटून दिल्या, तेव्हा माणदेशाच्या वाट्याला काय ठेवलं होतं हे माणदेशातल्या माणसालाच विचारावं. आमच्याकडे पाणी कळवून येत नाही. ते थेट माजघरात येतं, आणि जाताना घरातलं काय काय घेऊन जातं याचा हिशेब पुढं दोन-दोन वर्षं चालतो.

अशा गावात माझा भाचा समुद्राच्या उथळ पाण्यात धातू शोधायचं यंत्र घेऊन आला.

भाचा ऑस्ट्रेलियात, पर्थला असतो. तिथं माणसाला शनिवार-रविवार मोकळे मिळतात आणि शेती नसते, त्यामुळे छंद लागतात. याला हा लागला. सकाळी उजाडता-उजाडता समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभं राहायचं. कानाला पाण्यात चालणारे हेडफोन. एका हातात लांब दांड्याला बसवलेली गोल चकती, ती तळाच्या वाळूवरून इकडून तिकडं फिरवायची. कानात टीं झालं की दुसऱ्या हातातलं भोकाभोकांचं खोरं वाळूत खुपसायचं, वर काढायचं, हलवायचं. वाळू गळून जाते, राहिलं ते आपलं. हे खोरं त्यानं अंगणात काढून ठेवलं तेव्हा आमच्या हिनं ते उचलून, निरखून, "झारा चांगलाय, पण एवढ्या दांड्यानं बुंदी कुठल्या कढईत पाडतात?" असं विचारलं. भाच्यानं किंमत सांगितल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी परत भिंतीला टेकवून ठेवला.

या यंत्राचा प्रवासही थोर. विमानतळावर मेटल डिटेक्टरमधून मेटल डिटेक्टर न्यायचा म्हणजे काय, हे त्या तपासणीवाल्यांनाही नवीन होतं. "यात काय आहे?" "मेटल डिटेक्टर." "तो आमच्याकडे आहे. तुमच्या पिशवीत काय आहे?" असं बराच वेळ चाललं, म्हणे.

रात्री जेवताना त्यानं आम्हाला शास्त्र समजावलं. माणूस थंड पाण्यात उतरला की बोटं आकसतात. तिकडचे लोक अंगाला उन्हाचं मलम चोपडून उतरतात, त्यामुळे बोट आणखी बुळबुळीत. लाट आली, हात झटकला, अंगठी गेली. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. म्हणजे प्रत्येक लाटेला वाळू हलते आणि सोनं खाली-खाली बसत जातं, ते थेट खालच्या कठीण थरापर्यंत. मग एखादं वादळ येतं, वरची वाळू ओढून नेतं आणि वर्षानुवर्षं गाडलेलं हाताशी येतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यापाशी 1715 साली सोन्या-चांदीनं लादलेली स्पेनची अकरा गलबतं एका वादळात बुडाली. तिथं आजही वादळ होऊन गेलं की लोक यंत्रं घेऊन किनाऱ्यावर धावतात.

"आमच्याकडे पूर ओसरला की लोक फावडी घेऊन धावतात," मी म्हटलं. "पण ते घरातला गाळ काढायला."

खाऱ्या पाण्याची एक अडचण असते म्हणे. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून साध्या यंत्राला आख्खा समुद्रच धातूचा वाटतो आणि ते उगाच बोंबलत राहतं. त्यासाठी मग एका वेळी अनेक लहरी सोडणारी किंवा झटक्या-झटक्यानं वीज सोडून तिचा परतीचा आवाज ऐकणारी महागडी यंत्रं घ्यावी लागतात. भाच्याचं यंत्र त्यातलं. "समुद्रात चालतं ते नदीत चालणारच. गोडं पाणी म्हणजे याला सुट्टी," तो म्हणाला. कृष्णा-पंचगंगेचं पाणी गोडं आहे यावर सध्या एवढा विश्वास ठेवणारा माणूस परदेशातूनच यावा लागतो.

तरी आधी आम्ही खऱ्या समुद्रावर गेलो. गणपतीपुळ्याला. आणि तिथं या छंदाचा पायाच खचला. सगळा छंद उभा आहे तो माणूस समुद्रात कमरेपर्यंत जातो या गृहीतकावर. आपला माणूस घोट्यापर्यंत जातो. पँट दुमडलेली, चपला हातात, मोबाइल खिशात, पाकीट बायकोच्या पर्समध्ये. लाट आली की सगळं कुटुंब एकमेकांचे हात धरून मागं पळतं, लाट गेली की पुन्हा पुढं, आणि याला आपण समुद्रात खेळणं म्हणतो. बायका दागिने आधीच काढून ठेवतात, आणि ते सांभाळायला एक आत्या किनाऱ्यावर बसवलेली असते. तिला समुद्रात काडीचा रस नसतो. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर येणाऱ्या-जाणाऱ्यावर. अशा आत्या ज्या किनाऱ्यावर बसतात तिथं डिटेक्टरला काय सापडणार? त्यात रत्नागिरीच्या किनाऱ्याला जागोजाग काळी, लोहखनिजाची वाळू. यंत्र कुरकुरलं, गुरगुरलं, आणि दुपारपर्यंत त्यानं छत्रीची एक काडी आणि बाटल्यांचे बिल्ले काढून दिले. आत्यांपैकी एकीनं आम्हाला हटकलंही. "काय हरवलंय का तुमचं?" नाही म्हटल्यावर तिनं पिशवी आणखी जवळ ओढली.

पाण्यातून खरंखुरं सोनं निघाल्याची आमच्या राज्यातली गोष्ट मुंबईची. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. त्याच्या पोटात दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या 124 विटा होत्या. त्या विटा उडून शहरभर पडल्या, आणि गोदीतला गाळ उपसताना पुढं कित्येक वर्षं सापडत राहिल्या. पण एवढी जय्यत तयारी गणपतीपुळ्याला कोण करणार?

परत आल्यावर मीच म्हटलं, वाडीला जाऊ.

वाडी म्हणजे नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, औदुंबराखाली दत्तगुरूंच्या पादुका, बारा वर्षं इथं राहून नृसिंह सरस्वती पुढं गाणगापूरला गेले. त्या दिवसापासून महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून या घाटावर पाण्यात काही ना काही सोडत आहेत. पौर्णिमेला सोडतात, अमावास्येला सोडतात. पुराचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा. त्यात स्नान करायला लोक रात्री-बेरात्री गाड्या काढून येतात. गुरू कन्या राशीत आला की कन्यागत. दर बारा वर्षांनी येतो तो, मागचा 2016 साली झाला. प्रत्यक्ष गंगा वर्षभर कृष्णेला भेटायला येते म्हटल्यावर रिकाम्या हातानं पाण्यात कोण उतरेल? उन्हाळ्यात पाणी उतरलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि पुढं गुडघा-मांडीएवढं पाणी राहतं. पर्थवाल्यांना जे उथळ पाणी हवं असतं ते हेच, फक्त शेजारी बासुंदी मिळते.

भाच्यानं यंत्र चालू केलं आणि ते वाजलं. थांबेचना. डावीकडं फिरवलं, टीं. उजवीकडं, टीं. वर उचललं तरी टीं. घाटाच्या दुरुस्तीतल्या सिमेंटमध्ये सळ्या, कठड्याला नळ, होड्या बांधायला कड्या, साखळ्या. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलचं हेच झालं होतं. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठं अडकलीय हे शोधायला बेलनं घाईघाईनं धातूशोधक यंत्र बनवलं आणि ते अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. यंत्र जिकडंतिकडं वाजायला लागलं, कारण खालच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या. गोळी काही सापडली नाही, आणि अध्यक्ष सप्टेंबरात गेले. भाच्याला हे ठाऊक होतं. मला नवीन होतं. पण शेजारी धुणं पिळणाऱ्या बाईनं "आधी त्या कड्यापासनं लांब सरका की," असं सांगितलं, तेवढ्यानं आमचं काम झालं.

लांब सरकल्यावर खजिना सुरू झाला. सेफ्टी पिना. असंख्य. साडी नेसून पाण्यात बुडी मारणाऱ्या बाईची एक तरी पिन कृष्णामाई ठेवून घेते. मग तंबाखू-चुन्याच्या डब्या; ॲल्युमिनियमच्या, आतला चुना शाबूत. डबी पडली तेव्हा मालकानं देवापुढं केलेला तंबाखू सोडायचा संकल्प खरा होता की अपघात, हे यंत्राला कळत नाही. बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या. यंत्राला सोन्याची नाजूक अंगठी आणि गोळ्यांची चुरगळलेली पट्टी एकाच आवाजाची वाटते, त्यामुळे प्रत्येक गोळीला भाच्याचे डोळे चमकायचे. विसर्जन केलेल्या मूर्तींच्या पोटातल्या तारा आणि गज. देवांच्या तसबिरींच्या चौकटी. दृष्ट उतरून टाकलेले खिळे. कुणाच्या तरी दुकानाची भरभराट करायला म्हणून लिहून घेतलेलं तांब्याचं यंत्र. दुकान बहुधा बसलं. पन्नास वर्षांत माणसाला कशाकशाची भीती वाटली याची यादी करायची झाली, तर सरकारी दप्तरापेक्षा हा तळ बरा.

आणि नाणी. पण नाण्यांपाशी पोचल्यावर कळलं की इथं आधीपासून कंपनी आहे.

कंपनी म्हणजे चार-पाच पोरं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढायचं, त्याला सुतळी बांधायची, पाण्यात टाकायचं, ओढायचं. दर ओढीला चुंबकाला काळी, बारीक लोखंडी वाळू दाढीसारखी चिकटून येते (आमचा सगळा दगडच काळा, त्यातलं लोह झिजून नदीत उतरतं), आणि त्या दाढीत एखादा रुपया. दाढी झटकायची, रुपया खिशात. भाच्याच्या लाखभराच्या यंत्रासमोर पोरांचं भांडवल म्हणजे फुटका स्पीकर. सकाळच्या वेळात पोरांची कमाई जास्त.

याचं कारण पोरांनी भाच्याला सांगितलं नाही, एका म्हाताऱ्या होडीवाल्यानं सांगितलं. त्याच्या तरुणपणी चुंबकाला काही चिकटायचं नाही. तेव्हाचा रुपया तांबं-निकेलचा. बुड्या मारूनच काढावा लागे, आणि पैसा-पाच पैसे ॲल्युमिनियमचे, ते तर पाण्यात पालापाचोळ्यासारखे वाहून जात. मग 1988 पासून पन्नास पैशाचं आणि 1992 पासून रुपयाचं नाणं सरकारनं स्टीलचं केलं. पत्रकात फेरिटिक स्टेनलेस स्टील, म्हणजे सत्तर-ऐंशी टक्क्यांहून जास्त लोखंडच. सरकारनं पैसे वाचवायला केलं. वाडीच्या घाटावर त्यातून एक धंदा उभा राहिला. पुढं पाचाचं नाणंही स्टीलचं झालं, तेव्हा तर सुगी. पण 2009 पासून पाचाचं पिवळं नाणं आलं, निकेल-पितळेचं. ते चुंबकाकडं ढुंकून बघत नाही. तेव्हापासून कंपनीत दोन खाती आहेत: रुपया-दोन रुपयांचं खातं काठावर बसून सुतळी ओढतं, आणि पाचाचं खातं बुड्या मारतं. टांकसाळीत धातू बदलला की इथं कुणाचे कान भरून येतात आणि कुणाचे कोरडे राहतात, हे दिल्लीला माहीत असायचं कारण नाही.

"आणि आता?" भाच्यानं विचारलं.

"आता काय, मोबाइल. लोकांच्याजवळ सुट्टंच नसतंय. दुकानात कोड हाय, हॉटेलात कोड हाय. नदीला कोड न्हाई अजून."

पोरांना यंत्राचं कौतुक वाटलं, भीती नाही. सगळ्यात बारक्यानं एकच प्रश्न विचारला: "दादा, हे यंत्र पिवळं पाच दाखवतंय का?" दाखवतं म्हटल्यावर त्यानं लगेच भागीदारीचा प्रस्ताव मांडला. यंत्र तुमचं, बुडी आमची, निम्मं-निम्मं. भाचा पर्थमध्ये पगाराची बोलणी करतो त्यापेक्षा हे बोलणं सरळ होतं, आणि लवकर मिटलंही.

एव्हाना गावात बातमी पसरली होती, आणि ती मेटल डिटेक्टरची नव्हती. बातमी अशी होती की मास्तरांचा भाचा पायाळू आहे. आपल्याकडे धातू शोधायचं खरं यंत्र तेच. जो पायाकडून जन्मला त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं गुप्तधन त्याला दिसतं, अशी समजूत. वर त्याच्या अंगावर वीज पडायचीही भीती, म्हणजे चार्जिंगचा प्रश्नही सुटलेला. माझी बहीण हसून-हसून सांगत होती की पोरगं मिरजेच्या दवाखान्यात नीट डोक्याकडून झालंय. कुणी ऐकेना. एकजण संध्याकाळी मागच्या दारानं आला आणि जुन्या वाड्याच्या कोपऱ्यात रात्री खणखण ऐकू येते असं कुजबुजला. त्याला मी सांगितलं की गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो म्हणाला, "अघोरी कुठं? नुसतं टीं टीं करून बघायचं." दुसरा एक बोअरला पाणी कुठं लागेल ते विचारायला आला. शिरोळ तालुक्यात, जिथं जमिनी पाण्यानं क्षारपड होऊन बसल्यात आणि लोक पाणी बाहेर काढायला पाइप पुरतायत, तिथं पाणी कुठं लागेल म्हणून विचारणारा माणूस मी प्रथमच पाहिला. चौकशी केली तर तो जतचा पाहुणा निघाला.

कायद्याचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. सापडलेल्या धनाचा आपल्याकडे स्वतंत्र कायदा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम, 1878. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की काय सापडलं, किती, कुठं आणि कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तारण द्यायचं. नाही कळवलं तर वर्षापर्यंत कैद. 1878 साली रुपया तोळाभर वजनाचा आणि चांदीचा होता. दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांचं गाठोडं. ती मर्यादा कायद्यात तशीच बसलेली आहे. त्या हिशेबानं आमची कंपनी रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला कायदा मोडते, आणि अकरावा रुपया वर आला की कोल्हापूरला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन जायला हवं. जाण्या-येण्याचं एसटीचं तिकीट कुठल्या निधीतून, ते कायद्यात नाही.

जयसिंगपूरच्या एका वकील मित्राला मी हे विचारलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, "कायदा 'दडलेल्या' वस्तूचा आहे. नदीत पैसा दडवत नाहीत, सोडतात. सोडलेल्या वस्तूला मालक कोण?" मग त्याला स्वतःलाच प्रश्न आवडला आणि चहा झाला तरी तो त्यावरच बोलत राहिला.

भाच्याची खरी पंचाईत इथंच झाली. पर्थच्या किनाऱ्यावर जे सापडतं ते निसटलेलं असतं. कुणाच्या तरी बोटातून गेलेलं, त्याच्यासाठी कुणीतरी रडलेलं. म्हणून त्या छंदात एक चांगली रीत आहे: अंगठीवर आतून नाव-तारीख कोरलेली असेल तर मालक शोधायचा, परत द्यायची, दोघांनी मिळून हसरा फोटो काढायचा. भाच्याकडे असे फोटो आहेत. वाडीच्या पाण्यातलं मात्र जवळजवळ काहीच हरवलेलं नाही. ते मुद्दाम दिलेलं आहे, आणि देताना हात जोडलेले होते.

एका सकाळी खोऱ्यात एक जोडवं आलं. चांदीचं, काळं पडलेलं, पण घडण चांगली, हुपरीकडची असावी. भाच्याला आनंद झाला. चांदी! जोडव्यावर नाव नसतं, म्हणून त्यानं शेजारी बसलेल्या एका आजींना विचारलं, "आजी, हे कुणाचं पडलंय का, इथं कुठं चौकशी करायची?"

आजींनी ते हातात घेतलं नाही. बघून म्हणाल्या, "पडलेलं न्हवं ते, लेकरा. काढलेलं हाय. जोडीतलं दुसरंबी हितंच कुठंतरी आसंल."

भाच्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं यंत्र बंद केलं. याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. असा ठराव करणारी ती राज्यातली पहिली ग्रामपंचायत. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव कितपत पाळला जातो याचे अहवाल निघतात, चर्चा होतात. माझ्या मते कमरेएवढ्या पाण्यात एक चांगलं यंत्र फिरवलं तर 2022 नंतरची जोडवी किती आणि आधीची किती हे काठावरच कळेल. पण त्या यंत्राला तारीख वाचता येत नाही, आणि आजींना वाचता येत होती. त्यांनी भाच्याला सांगितलं, "ठेव बाबा होतं तिथं," आणि त्यानं ठेवलं. ठेवताना कुठली जागा ते नीट आठवून ठेवलं. त्या जागेवर त्यानं परत खोरं मारलं नाही.

त्यानंतर त्यानं काठावरच्या लोकांना उलटा प्रश्न विचारायला सुरुवात केली: तुमचं खरोखर हरवलंय असं काय? सोडलेलं नाही, दिलेलं नाही, हरवलेलं.

आणि मग रांग लागली. शिरोळ तालुक्याला हा प्रश्न 2019 च्या ऑगस्टपासून कुणी नीट विचारलाच नव्हता. एकाचे गॅस सिलिंडर. एकाची मोटरसायकल, हफ्ते चालू होते. एका घरातलं लोखंडी कपाट, आत लेकीच्या लग्नाच्या साड्या आणि सात-बाराचे उतारे. दूध डेअरीचे कॅन. एका तालमीतला वजनाचा सेट. बेंजो पार्टीवाल्याचा ताशा. कढया, पातेली, कुकरचं झाकण ("कुकर हाय, झाकणच गेलंय, बघा की जरा"). सोनं-नाणं कुणी सांगेना. पूर येणार म्हटलं की आमचा माणूस सोनं आधी कमरेला बांधतो आणि मग म्हशी सोडतो. पाण्यात जातं ते लोखंड.

आणि सगळ्यात जास्त मागणी मोटरींना. नदीकाठाला मळीत बसवलेल्या पाण्याच्या मोटरी: पाचच्या, साडेसातच्या, दहाच्या. पूर रात्रीत चढला तर मोटर खोलून वर आणायला वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी शेजाऱ्याची आणायची का आपली यात तो जातो. ऊस पाण्याखाली राहून पुन्हा उभा राहतो, मोटर राहत नाही.

भाच्यानं मनावर घेतलं. यंत्रातली बारीक सोनं शोधायची मांडणी त्यानं बदलून मोठ्या लोखंडाला लावली. कंपनीची पोरं बरोबर होतीच. मगरीची चौकशी आधी केली. कृष्णेत मगरी आहेत ही काही थट्टा नाही, तिकडं सांगली-भिलवडीकडं तर त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. पर्थच्या समुद्रात शार्क असतो, म्हणून भाचा आधी हसला. होडीवाला म्हणाला, "शार्क काठावर येऊन बसतंय का?" भाचा हसायचा थांबला.

शेवटी एका मळीच्या कडेला, मांडीएवढ्या पाण्यात, यंत्रानं असा आवाज दिला की बारक्यानं हेडफोनशिवाय ऐकला. पोरांनी बुड्या मारल्या, दोर बांधला, वरून ट्रॅक्टर लावला. गाळात रुतलेलं ते धूड हळूहळू निघालं. मोटर. साडेसातची. बॉडीवर तैलरंगात मालकाचं आख्खं नाव, वर 'श्री' आणि खाली गावाचं नाव, सगळं वाचता येण्याजोगं. परदेशातल्या अंगठ्यांवर आतल्या बाजूला इतकं बारीक कोरतात. आमच्याकडे माणूस आपली वस्तू लांबून वाचता यावी अशी रंगवतो.

काठावर पन्नासेक माणूस जमलं. मालकाला फोन गेला. तो मोटरसायकलवरून आला, लुंगीवरच. भाच्यानं मोबाइल काढून तयार ठेवला होता; इतक्या दिवसांनी एकदाचा हसरा फोटो मिळणार होता.

मालकानं मोटरीला एक फेरी घातली. नाव वाचलं. मग मला बाजूला घेतलं.

"मास्तर, कुणी कुणी बघितलंय?"

"सगळ्या गावानं."

"पंचनाम्यात 'वाहून गेली' असं लिवलंय. सही हाय साहेबांची."

"मग? पैसे मिळाले का?"

"त्येच तर. आजून आल्यात कुठं? आता गावली म्हणून बोभाटा झाला तर येणारबी न्हाईत. आणि ही आता जळक्या लोखंडाच्या भावानंबी कोण घेणार?" एवढ्यात त्याला भाच्याचा मोबाइल दिसला. "ए दादा, फोटो नको! फोटो म्हणजे पुरावा!"

भाच्यानं मोबाइल खाली घेतला. ट्रॅक्टरवाल्यानं गाडी बंद केली. सगळे मालकाच्या तोंडाकडं बघायला लागले. त्यानं मोटरीकडं बघितलं, नदीकडं बघितलं, थोडा वेळ मनात काहीतरी हिशेब केला आणि पोरांना म्हणाला,

"ढकला परत आत. पण ती दोरी सोडू नका. वरच्या बाभळीला बांधून ठेवा."